शेवटच्या पानावरचा दिवा

दिवेवाले सरांचं खरं नाव काय, हे त्यांच्या पेन्शनच्या कचेरीखेरीज आता कुणाच्याच लक्षात नव्हतं. विद्यापीठात, वाचनालयात, पार कोपऱ्यावरच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांना ते दिवेवाले सर म्हणूनच ठाऊक. आता त्यांचा काही दिव्यांचा धंदा नव्हता. घरातला बल्ब गेला तरी ते शेजाऱ्याला हाक मारत आणि स्टूल धरून उभे राहत. त्यांचा दिवा होता तो कादंबरीतला.

ती कादंबरी म्हणजे भाषेचं भूषण. जाडी अशी, की दाराला टेकवून ठेवली तर वादळातही दार आपटू नये. आणि खोटं कशाला बोला, बऱ्याच घरांत ती त्याच कामाला होती. गोष्ट एका नावाड्याची. तरुणपणी भांडून घर सोडतो, बारा गावचं पाणी पितो, म्हातारा होतो, आणि एका संध्याकाळी आपल्याच घरासमोर येऊन उभा राहतो. दार बंद. वाजवावं की वाजवू नये? वाजवत नाही. परत फिरतो. आणि तो पाठ वळवतो नेमक्या त्याच क्षणी मागं खिडकीत दिवा लागतो. कुणी लावला, दिसत नाही. झालं. कादंबरी संपली.

त्या एका दिव्यावर सरांनी आयुष्य काढलं. लग्न राहून गेलं, घर तिसऱ्या मजल्यावर भाड्याचंच राहिलं, पण दिवा म्हणजे क्षमा हे त्यांनी असं काही मांडलं की वाचणाऱ्याला वाटावं, आपणही कुणालातरी क्षमा करून टाकावी. त्यांच्या ग्रंथानंतर दिव्यावर जे लिखाण सुटलं ते थांबेचना. एका विदुषींनी विचारलं, दिव्यात तेल कुणी घातलं? घरातल्या बाईनंच ना? मग कादंबरी नावाड्याची कशी? दुसरे एक म्हणाले, घरात कुणी नव्हतंच, मावळतीचं ऊन काचेवर पडलं आणि नावाडी फसला. पण सरांचा खरा वैरी एकच, आणि तो शेजारच्याच विभागात बसायचा. त्याचं म्हणणं, दिवा लागला नाही, विझला! आतल्या माणसानं नावाड्याला पाहिलं आणि फुंकर मारली. तेव्हापासून त्याला सगळे फुंकर मास्तर म्हणू लागले. दोघांनी एकमेकांविरुद्ध इतकं लिहिलं की ते सगळं पेटवलं असतं तर अख्ख्या शहराला हिवाळाभर शेकोटी पुरली असती. आणि दर परीक्षेला प्रश्न ठरलेला: ‘दिव्याचे महत्त्व स्पष्ट करा.’ पोरं स्पष्ट करत होती, पास होत होती, पुढं मास्तर होऊन तोच प्रश्न विचारत होती.

तर अशा या कादंबरीची नवी, देखणी आवृत्ती निघायची होती. प्रस्तावना अर्थातच सरांची. रविवारी मोठ्या सभागृहात घोषणेचा समारंभ, त्यात सरांचं भाषण, आणि त्या पाठोपाठ छपाई. सरांनी कोट धुवायला टाकला होता. सगळं कसं जागच्या जागी होतं. आणि एका सकाळी मुखपृष्ठ करणाऱ्या चित्रकार मुलीचा फोन आला.

“सर, दिवा कसला काढू?”

“कसला म्हणजे? क्षमेचा.”

“ते आलंच हो सर. पण कंदील की चिमणी? काच आहे का? खिडकीच्या फळीवर ठेवलाय की कुणाच्या हातात? हातात असेल तर बोटं काढावी लागतील, आणि बोटांचे पैसे वेगळे घेते मी.”

ती हसली. सरही हसले. मग त्यांनी डोळे मिटून दिवा आठवायला घेतला. खिडकी आठवली. उजेड आठवला. उजेडाखालची वस्तू काही केल्या आठवेना.

“पुस्तकात बघून सांगतो,” ते म्हणाले. आणि म्हणता म्हणता स्वतःच चपापले, कारण हे वाक्य त्यांच्या तोंडून कैक वर्षांत बाहेर पडलं नव्हतं.

त्याचं असं होतं. लहानपणी सरांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांवर जाड पट्टी, आणि डॉक्टरांनी दटावून सांगितलेलं: याला रडू द्यायचं नाही, एक थेंबही नको, टाके ओले झाले तर जन्माचं आंधळेपण. आई-बाबा कामावर जायचे. मग थोरल्या बहिणीनं, अक्कानं, त्यांच्या उशाशी बसून ती अख्खी कादंबरी मोठ्यानं वाचून काढली. पुढं सरांनी ती स्वतः किती वेळा वाचली असेल त्याला गणती नाही. पण नावाडी दारासमोर येऊन उभा राहिला की ते पुस्तक मिटत. पुढचं पाठ होतं ना! पुस्तक मिटलं की अक्काचा आवाज आपोआप सुरू व्हायचा: ‘आणि मागं खिडकीत दिवा लागला.’ ग्रंथात दाखला देतानाही त्यांनी पानाचा आकडा कधी घातला नाही. नुसतं ‘पाहा: शेवटचे पान’. त्यांचं बघून सगळ्यांनी तीच रीत धरली. जो तो लिहायचा, पाहा, शेवटचे पान. पाहायचं मात्र कुणी नाही.

सरांनी पुस्तक काढलं, चष्मा पुसला आणि शेवटचं पान उघडलं.

‘त्याने दाराकडे पाहिले. कडीला हात लावला नाही. मग आल्या वाटेने तो परत फिरला.’

खाली ‘समाप्त’. त्याच्याखाली एका केशतेलाची जाहिरात.

सरांनी पान उलटलं. पलीकडं कोरं. पुन्हा सुलटं केलं. केशतेलाच्या बाईकडं जरा जास्तच वेळ पाहिलं, जणू दिवा तिनंच मागं लपवलाय. मग शाळेची आवृत्ती काढली. तिथंही तो परत फिरला आणि समाप्त. मग शर्टाची बटणं वरखाली लावून ते वाचनालयात गेले. ग्रंथपाल बाई उठून उभ्या राहिल्या. “अगंबाई, दिवेवाले सर! आमच्याकडं पहिली सोडून सगळ्या आवृत्त्या आहेत हं, दिव्यासकट.”

“तुम्ही पाहिलाय?”

“कुणाला?”

“दिवा.”

“म्हणजे काय सर! तुमचंच पुस्तक वाचून पास झाले मी.”

सगळ्या आवृत्त्या टेबलावर मांडून सर उभे राहिले. एकेक शेवटचं पान उघडत गेले. सगळीकडं नावाडी परत फिरत होता, आणि अंधारात फिरत होता. सरांच्या मनात नाही नाही ते आलं. आवृत्ती काढणाऱ्यांनी कापला असेल का? सगळ्यांनीच? की आपण भलत्याच कादंबरीवर ग्रंथ लिहिला? आणि ज्यांनी ही कादंबरी खरोखर शेवटपर्यंत वाचली असेल, त्यांचं काय? मग त्यांना उमगलं. त्या बिचाऱ्यांना दिवा दिसला नसेल, आणि त्यांना वाटलं असेल की आपलीच नजर कमी पडते. विचारायचं कसं? दिवा दिसत नाही म्हणणारा मूर्ख ठरणार, दिसतो म्हणणारा पास होणार.

दिवा नसेल तर दिवेवाले सर कोण? हा प्रश्न घेऊन ते घरी आले आणि तिसऱ्या मजल्यावर न चढता तळमजल्यावरचंच दार वाजवलं.

तळमजल्यावर अक्का राहायची. गुडघ्यांनी जिने सोडले म्हणून ती खाली आणि पुस्तकं ठेवायला जागा हवी म्हणून सर वर. अक्कानं आयुष्यभर कपडे शिवले. आताही ती मशीन उताणं करून त्यात तेल घालत होती.

“अक्का, तू मला ती कादंबरी वाचून दाखवली होतीस ना?”

“दाखवली. घसा बसला होता माझा. त्याची भरपाई अजून दिली नाहीस.”

“शेवटी दिवा होता?”

“होता की.”

“पुस्तकात?”

“मग काय माझ्या पदरात?”

“पुस्तकात नाहीये, अक्का.”

“नीट बघ. तुला लहानपणापासून समोरचं दिसत नाही. परवा डोक्यावर चष्मा असताना माझ्या घरात शोधत होतास.”

सर तिच्यासमोर स्टुलावर बसले. आवाज जेवढा मऊ करता येईल तेवढा करून म्हणाले, “रागावू नकोस. पण तू तुझ्या मनानं तर घातला नाहीस ना?”

तेलाची बुधली वाजली खाली ठेवताना. “म्हणजे मी खोटं वाचलं? शाळेत वाचनात पहिली यायचे मी. बाई मला उभं करून सगळ्या वर्गाला ऐकवायच्या. आणि तू, चार बुकं लिहिलीस म्हणून मला विचारतोस खोटं वाचलं का?”

“तसं नाही गं...”

“कसं मग? एक डोळा तुझ्याकडं, एक चुलीकडं, सगळ्यात धाकट्या भावाला मांडीवर घेतलेलं, आणि तू सारखा, अक्का पुढं, अक्का पुढं. दहादा उठले असेन. पान हरवलं असेल, दोन पानं एकदम उलटली गेली असतील. काय वाचलं आणि काय राहिलं, हे मला इतक्या वर्षांनी कोण सांगणार? पण दिवा होता.” तिनं मशीन धाडकन सुलटं केलं. “होता म्हणजे होता.”

सर बाहेर आले ते आत गेले होते त्याहून गोंधळलेले. आत जाताना दिवा नव्हता, एवढं तरी नक्की होतं. आता तेही नक्की राहिलं नाही. अक्का खोटं बोलत नसे. पुस्तकही खोटं बोलत नव्हतं. मग खोटं कोण? तिसरा माणूस तर एकच उरत होता.

आता जगात एकच प्रत पाहायची राहिली होती: पहिली आवृत्ती. आणि ती होती फुंकर मास्तरांकडं.

फुंकर मास्तर अंगणात छत्री दुरुस्त करत बसले होते. सरांना फाटकात बघून त्यांनी छत्री ढालीसारखी धरली.

“या. माफी मागायला आलात की मागवून घ्यायला?”

“तुमची पहिली आवृत्ती बघायला आलोय.”

“का?”

“शेवटचं पान बघायचंय.”

मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “वाळवी लागलीय तिला.”

“कुठं?”

“शेवटच्या पानाला.”

“नुसत्या शेवटच्या पानाला?”

“चोखंदळ वाळवी आहे.”

पण सर हलेनात. शेवटी मास्तरांनी आत जाऊन कपाटातून ती प्रत आणली. कापडात गुंडाळलेली, कडांना सोनेरी मुलामा. सरांनी शेवटचं पान उघडायला बोट घातलं आणि ते आत शिरेचना. जुन्या बांधणीत पानं जोडलेली येत, वाचणाऱ्यानं ती सुरीनं कापून घ्यायची. या प्रतीची शेवटची पानं कुणी कापलीच नव्हती. अगदी जशी छापखान्यातून आली तशी, कोरी करकरीत, एकमेकांना बिलगलेली.

सरांनी त्या बंद पानांवरून बोट फिरवलं.

“जपून ठेवली होती,” मास्तर म्हणाले.

“दिसतंय.”

मास्तर उठले, स्वयंपाकघरातून भाजी चिरायची सुरी घेऊन आले. कडेनं हळूच फिरवली. पान सुटलं. नावाड्यानं दाराकडं पाहिलं, कडीला हात लावला नाही, आणि आल्या वाटेनं परत फिरला. या आवृत्तीत केशतेलसुद्धा नव्हतं.

मास्तर खुर्चीत मागं टेकले. मग एकदम कडाडले. “अहो, तुम्ही लावलात म्हणून तर मी विझवला! मला काय स्वप्न पडलंय, तुम्ही तो घरून आणला होता म्हणून?”

“मला तरी कुठं ठाऊक होतं? मला वाटलं, तुम्ही विझवताय म्हणजे तुम्हीही पाहिला असणार.”

“मी तुमचा ग्रंथ पाहिला होता! ओळ न ओळ. तुमच्या ग्रंथातला दिवा विझवलाय मी.” त्यांचा आवाज खाली आला. “इतका छान मांडला होतात हो. उजेड कसा पायवाटेपर्यंत येतो आणि त्याच्या टाचेला शिवतो... ते वाचून मला झोप नाही लागली. म्हटलं, याला विझवल्याशिवाय आपलं काही खरं नाही.”

सरांना इतकी चांगली दाद कुणी दिली नव्हती, आणि ती नेमकी अशा दिवशी मिळावी! “रविवारी सांगून टाकावं म्हणतो,” ते पुटपुटले. “दिवा नाही म्हणून.”

मास्तर ताडकन उठले. “खबरदार! माझी बढती त्या फुंकरीवर झाली. माझा जावई त्या फुंकरीवर प्रबंध लिहून नोकरीला लागला. तुम्ही बोललात तर मी सभेत उभा राहून विरोध करीन.”

“पण तुम्ही आत्ता डोळ्यांनी पाहिलंत ना?”

“पाहिलं. मग? आजवर तुमचं एक तरी म्हणणं मी मान्य केलंय? आता केलं तर लोकांना वाटेल आपण दोघं मिळालेले आहोत.”

हेही खरंच होतं. सर छत्रीवरून पाय चुकवत फाटकाबाहेर पडले.

रविवारपर्यंत चित्रकार मुलीचे पुन्हा पुन्हा फोन आले. सर दर वेळी म्हणायचे, बघून सांगतो. खोटं ठोकून द्यायला त्यांची ना नव्हती. ‘काढ कंदील’ एवढंच म्हणायचं होतं. पण तोंड उघडलं की वाटायचं, कंदील नव्हता तो. दुसरं काहीतरी होतं. जो दिवा मुळात नव्हताच, तो कंदील नव्हता हे त्यांना इतकं पक्कं कसं ठाऊक, हे कोडं त्यांना सुटेना. आरशात बघितलं तर तिथंही एक गोंधळलेला म्हातारा त्यांच्याकडंच उत्तर मागत उभा होता.

रविवारी सभागृह भरून वाहत होतं. पहिल्या रांगेत अक्का, इस्त्रीच्या साडीत, अजून रुसलेली. दुसऱ्या टोकाला फुंकर मास्तर. मंचावर प्रकाशक, गळ्यात उपरणं, हातात सरांच्या प्रस्तावनेची छापील प्रत. मागं पडद्यावर मुखपृष्ठाचा कच्चा नमुना: घर, खिडकी, पायवाट, आणि खिडकीत पेन्सिलीनं काढलेलं एक प्रश्नचिन्ह.

सर उठले. भाषणाचा कागद खिशात होता तो खिशातच राहिला.

“मित्रहो,” ते म्हणाले, “दिवा नाही.”

प्रकाशकांनी वरच्या बल्बकडं पाहिलं.

“कादंबरीत दिवा नाही. मी शेवटचं पान वाचलं. या आठवड्यात, पहिल्यांदाच. नावाडी परत फिरतो आणि गोष्ट संपते. दिवा माझ्या बहिणीनं वाचला होता. माझ्या डोळ्यांना पट्टी होती. मी ऐकलं, आणि जन्मभर तेच शिकवत राहिलो. तुम्ही सगळ्यांनी ते माझ्याकडून घेतलं. मला माफ करा.”

आणि ते खाली बसले. सभागृहात टाचणी पडली असती तर दचकून लोक उठले असते. सरांनी मान खाली घातली. आता खुर्च्या सरकतील, कुणी हसेल, कुणी पुस्तक भिरकावेल, अशी त्यांनी मनाची तयारी केली.

टाळ्या वाजल्या. आधी मागून, मग मधून, मग सगळीकडून. लोक उभे राहिले. ज्या विदुषींनी तेलाचा प्रश्न काढला होता त्या डोळे पुसत होत्या.

“काय धाडस आहे!” त्या ध्वनिक्षेपकाशी येऊन म्हणाल्या. “आपणच लावलेला दिवा आपणच नाकारायचा! सर आज सांगताहेत की दिवा कृतीत नाही, ऐकणाऱ्यात आहे. पट्टी म्हणजे आपलं अज्ञान. आणि बहीण म्हणजे कोण? बहीण म्हणजे परंपरा! परंपरा वाचते, आपण ऐकतो...”

“अहो, बहीण म्हणजे बहीण,” सर उठून म्हणाले. “ती काय समोर बसलीय.”

टाळ्या आणखी वाढल्या. कुणीतरी म्हणालं, “व्वा! प्रतीकाला समोर बसवलं!”

“प्रतीक असेल तुझी आत्या!” अक्का पहिल्या रांगेतून कडाडली. “मी याची थोरली बहीण आहे.”

लोकांना तेही फार आवडलं.

मग फुंकर मास्तर उभे राहिले, शब्दाला जागून. छत्री उगारून म्हणाले, “मी तीव्र विरोध करतो! दिवा आहे! तो असल्याशिवाय विझणार कसा?” यावर दोन तट पडले. मागच्या रांगांतून कुणी ‘आहे’ ओरडलं, कुणी ‘नाही’. ‘नाही’वाल्यांनी तिथल्या तिथं स्वतःला अंधारवादी असं नाव घेतलं आणि सरांना आपलं अध्यक्ष केलं. सर सांगत होते, “बाबांनो, एकदा शेवटचं पान उघडून तर बघा.” ते वाक्य तिघांनी उतरून घेतलं आणि एकानं त्याचा अर्थ शेजाऱ्याला समजावून सांगितला. पान कुणी उघडलं नाही.

प्रकाशक घाम पुसत कानाशी आले. “सर, काय मांडणी केलीत! नवी प्रस्तावना द्या, ‘नसलेला दिवा’. जुनी पण छापू. दोन्ही ठेवू. जाड होईल पुस्तक.”

रिक्षात बसेपर्यंत सरांचा कोट मागून ओढला जात होता. आपण खरं बोललो का? बोललो. लोकांनी ऐकलं का? ऐकलं. मग हे झालं काय? त्यांना वाटलं होतं, खरं सांगितलं की आपलं सगळं जाईल. उलट मिळालं दुप्पट, आणि तरी हातात काहीच नाही. अक्का रस्त्याकडं तोंड करून बसली होती.

घराशी आल्यावर ती उतरली आणि म्हणाली, “चारचौघांत म्हणालास, दिवा नव्हता.”

“नाहीये गं अक्का.”

“आण इकडं पुस्तक.”

“आता?”

“आता. आणि जरा आडवा हो. डोळे मीट. तू उघड्या डोळ्यांनी ऐकत नाहीस, नुसता मधे मधे बोलतोस.”

सर वरून जुनी प्रत घेऊन आले. अक्काच्या पलंगावर आडवे झाले. दुपार होती, पण तिनं पडदा ओढून घेतला आणि वर धुतलेला रुमाल घडी करून त्यांच्या डोळ्यांवर ठेवला. रुमालाला मशीनच्या तेलाचा वास होता. चष्मा नाकावर खाली ओढून, बोट ओळीवर ठेवून अक्का वाचू लागली. आवाज म्हातारा झाला होता, पण उभं करून वर्गाला ऐकवावा असाच अजून होता.

नावाडी घाटावर उतरला. गल्लीत शिरला. घरासमोर उभा राहिला. इथं सर नेहमी पुस्तक मिटायचे. आज पुस्तक त्यांच्या हातात नव्हतं.

“त्याने दाराकडे पाहिले,” अक्का वाचत होती. “कडीला हात लावला नाही. मग आल्या वाटेने तो परत फिरला.”

ती थांबली. समाप्त, आता म्हणेल. तो म्हातारा, तो अंधार, ती कडी. रुमालाखाली डोळे चुरचुरू लागले.

“रडतोस की काय?” अक्का म्हणाली, आणि क्षणाचाही खंड न पाडता पुढं वाचू लागली. “आणि मागं खिडकीत दिवा लागला. चिमणीचा दिवा. काचेला उभा तडा गेला होता आणि तडा वाढू नये म्हणून त्यावर कागदाची पट्टी डकवली होती. त्या पट्टीची सावली भिंतीवर पडली होती, काठीएवढी. दिवा कुणी लावला ते दिसलं नाही. पण घरात कुणीतरी होतं.”

सर उठून बसले. रुमाल मांडीवर पडला.

कागदाची पट्टी. भिंतीवरची काठीएवढी सावली. डॉक्टरांनी डोळ्यांवरची पट्टी सोडली त्या संध्याकाळी सगळ्यात आधी त्यांनी पाहिलं होतं ते तेच, त्यांच्या घरातला फुटका चिमणीचा दिवा आणि त्यामागं अक्काचं तोंड. ती पट्टीही तिनंच डकवली होती, खळ लावून.

अक्का अजून पुस्तकातच बघत होती. बोट पानावर होतं. केशतेलाच्या बाईच्या कपाळावर.

“अक्का,” सर म्हणाले, “डॉक्टर काय म्हणाले होते गं तेव्हा?”

“कोणते डॉक्टर?” तिनं पुस्तक मिटलं. “ऐकलास ना दिवा? मग डोळे पूस. आणि यापुढं मला खोटी म्हणायचं नाही.”

“पण हे तू...”

“मी काय? लिहिलंय ते वाचलं.” तिचा चेहरा इतका सरळ होता, की सरांना क्षणभर वाटलं, पुस्तक उघडून पुन्हा एकदा बघावं. हात पुढं गेलाही. मग त्यांनी तो मागं घेतला.

तेवढ्यात फोन वाजला. चित्रकार मुलगी.

“सर, आज रंग भरायलाच हवेत. मला काही कळेनासं झालंय. सकाळी तुम्ही म्हणालात दिवा नाही. प्रकाशक म्हणताहेत नसलेला काढ. सभेतले ते छत्रीवाले आजोबा फोन करून म्हणाले, विझलेला काढ, धूर दाखव. मी काय करू?”

“चिमणीचा दिवा काढ,” सर म्हणाले. “काचेला उभा तडा. तड्यावर कागदाची पट्टी. नीट बसलेली नाही, एका बाजूनं सुटलीय. खिडकीच्या फळीवर ठेवलेला. आणि हो, त्याच्यामागं कुणी काढू नकोस. पण घरात कुणीतरी आहे, असं वाटलं पाहिजे.”

पलीकडं पेन्सिल खरखरली आणि थांबली. “पण सर, दिवा नाहीच ना?”

“नाही.”

“आणि असा आहे?”

“हुबेहूब असा.”

“बरं बाई,” ती म्हणाली. “छापील मजकुराशी जुळवून घेते एकदा. कोणत्या पानावर आहे?”

सरांनी अक्काकडं पाहिलं. ती मशीनशी बसून सुईत दोरा ओवत होती, आणि दोरा काही जात नव्हता.

“शेवटचं पान,” सर म्हणाले, फोन ठेवला, आणि दोरा ओवून द्यायला उठले.